हमिंग गेलं, पण अर्थिंगही गेलं



माझ्या हातातला हा प्लग जरा नीट बघा. तीन पिनांचा आहे, पण पिना दोनच उरल्यात. वरची जाड, लांब पिन मी स्वतः करवतीनं कापली. आज मी घरी डॅक कसा जोडला आणि त्यात काय काय बदल केले ते सांगणार आहे. पण ती सगळी गोष्ट शेवटी या प्लगपाशी येते, म्हणून तो आधीच दाखवून ठेवला.

मी मूळचा इंदूरचा, नोकरीमुळे बंगळुरूत स्थायिक झालेला. माझे वडील, नाना, हौशी गायक होते. ते गेल्यावर त्यांच्या घरगुती बैठकींच्या चौदा कॅसेट माझ्याकडे आल्या. मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. पण कॉम्प्युटरच्या हेडफोन जॅकमधून अँप्लिफायरला वायर जोडली, की गाण्याबरोबर चिरचिर ऐकू यायची. माउस हलवला की आणखी वाढायची. म्हणून ठरवलं, वेगळा डॅक करायचा, आणि तोही घरीच.

डॅक म्हणजे डिजिटल टू अॅनालॉग कन्व्हर्टर. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये प्रत्येक कानासाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी. या आकड्यांपासून पुन्हा वरखाली होणारं व्होल्टेज तयार करणं एवढंच डॅकचं काम. पुढचं अँप्लिफायर आणि स्पीकर बघतात.

एस. पी. रोडवरून दोन छोटे बोर्ड आणले. एक यूएसबीतून डेटा घेऊन तो आयटूएस या पद्धतीनं बाहेर देणारा. दुसरा पीसीएम ५१०२ए ही चिप बसवलेला डॅक. दोघांमध्ये चार वायरी जोडायच्या: बीसीके, एलआरसीके, डेटा आणि ग्राउंड. एलआरसीके सांगते, आत्ता डाव्या कानाचा आकडा चाललाय की उजव्या. बीसीके म्हणजे प्रत्येक बिटासाठी पडणारा ठोका. एका फेरीत असे ६४ ठोके, म्हणजे सेकंदाला २८,२२,४००.

एवढ्या वेगाच्या ठोक्याला लांब वायर मानवत नाही. मी पहिल्यांदा वीतभर लांब वायरी जोडल्या आणि वर त्या टायनं छान एकत्र बांधल्या. मध्येच टक् टक् आवाज यायला लागले. वायरी कापून बोटभर केल्या, ग्राउंडची वायर बीसीकेच्या शेजारून नेली, आणि ते बंद झाले. दुसरी चूक एससीके पिनची. बाहेरून मास्टर क्लॉक देणार नसाल, तर ही पिन ग्राउंडला जोडायची. मग चिप आपला क्लॉक बीसीकेवरून स्वतः तयार करते. माझी पिन मोकळीच होती. सोल्डरचा एक ठिपका टाकला आणि काम झालं.

त्या रात्री नानांचा भूप लावला. आवाज स्वच्छ, चिरचिर नाही. पण खाली एक घूंऽऽ सतत चालू. आपल्याकडे सगळे याला हमिंग म्हणतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे हमिंगही ५० आणि १०० हर्ट्झवर असतं. नाना काळी एकमध्ये गायचे. त्या षड्जाला धरून मोजलं, तर ५० हर्ट्झ येतो तीव्र मध्यमाच्या किंचित वर. आता भूपात मध्यम नाहीच, ना शुद्ध ना तीव्र. म्हणजे माझ्या वडिलांच्या भूपाखाली माझ्याच घरातली वीज दिवसरात्र एक वर्ज्य स्वर धरून बसली होती. तुम्ही हसाल, पण मला ते सहन होईना.

मग मी तेच केलं, जे सगळे हौशी लोक करतात. सुटे भाग बदलायला लागलो. पॉवर सप्लायचे कपॅसिटर बदलले, महागातले लावले. वेगळा रेग्युलेटर घातला. डबा पत्र्याचा केला. प्रत्येक बदलानंतर मला वाटायचं, आवाज जरा उघडला. माझ्याकडे तोच दुसरा बोर्ड मूळ अवस्थेत पडून होता. एका रविवारी मुलीला म्हटलं, तू माझ्या पाठीमागे बोर्ड बदल, मी ओळखतो. दहा वेळा केलं. दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. चार महिने आणि बऱ्यापैकी पैसे त्या डब्यात गेले होते, आणि हमिंग होतं तसंच होतं.

अशात कोणीतरी सांगितलं, अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, हमिंग गेलंच समज. मी कापली. आणि गेलं की हो! एकदम शांत. मी त्या दिवशी घरात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

ते का गेलं, हे आधी समजून घ्या. माझ्या कॉम्प्युटरला अर्थ होतं आणि अँप्लिफायरलाही होतं. दोघांच्या मधून यूएसबी आणि आरसीए वायरीतून ग्राउंड आणखी एकदा जोडलं गेलं होतं. म्हणजे तारेचं एक बंद कडं तयार झालं. त्याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला, तरी त्या कड्यातून करंट फिरतो. समजा १० मिलिअँपिअर करंट आहे आणि आरसीएच्या जाळीचा रोध ०.१ ओहम आहे, तर एक मिलिव्होल्ट तयार झाला. डॅकचा पूर्ण आवाज साधारण दोन व्होल्टचा. त्यापुढे मिलिव्होल्ट क्षुल्लक वाटतो. पण रात्रीच्या शांततेत, हळू आलापाखाली तो ऐकू येतो. मी पिन कापली, कडं तुटलं, हमिंग थांबलं.

दोन महिन्यांनी मुलीला तिचा फोन अँप्लिफायरला जोडायचा होता. तिनं डॅकची आरसीए वायर उपसली. एक हात अँप्लिफायरच्या पत्र्यावर, दुसरा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर. "बाबा!" एवढंच ओरडली आणि हात झटकून मागे सरकली. दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या.

मी टेस्टर लावला, तर पत्र्यावर दिवा लागला. मल्टिमीटर लावला, तर पत्रा आणि अर्थ यांच्यात नव्वदच्या आसपास व्होल्ट. हा जुना, दुरुस्त केलेला अँप्लिफायर. ट्रान्सफॉर्मरमधून थोडी गळती असणार. थोडी होती म्हणून मुंग्यांवर भागलं. पण आतलं इन्सुलेशन एखाद्या दिवशी पूर्ण गेलं असतं, तर त्याच पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते. आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून जातो.

मग जे लक्षात आलं, त्यानं मला जास्त घाम फुटला. त्या दोन महिन्यांत अँप्लिफायरला अर्थ मिळत होतं, ते आरसीएच्या केसाएवढ्या जाळीतून, डॅकमधून, यूएसबीतून, कॉम्प्युटरच्या प्लगमार्फत. तिनं वायर काढली त्या क्षणी तेही गेलं. मी घरातली सुरक्षा एका गाणं ऐकायच्या वायरीवर टांगून ठेवली होती.

आपल्या प्लगची अर्थची पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब का असते, ठाऊक आहे? प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं म्हणून. कोणीतरी इतका विचार करून ठेवला होता, आणि मी तो करवतीनं कापला.

त्याच दिवशी नवा प्लग बसवला. हमिंग अर्थातच परत आलं. पण आता प्रश्न नीट कळला होता. कडं तोडायचंच, पण अर्थचं नाही, सिग्नलचं. माझ्या कॉम्प्युटरला मागे ऑप्टिकल आउटपुट आहे. यूएसबीचा बोर्ड काढून ऑप्टिकल रिसीव्हरचा बोर्ड लावला. तोही आयटूएस देतो, त्यामुळे त्याच चार वायरी तशाच जोडल्या. डॅकला चांगल्या प्रतीचा, दोन पिनांचा पाच व्होल्टचा अॅडॅप्टर. आता कॉम्प्युटर आणि डॅक यांच्यामध्ये तांबं नाहीच, नुसता प्रकाश. दोघांनाही आपापलं पूर्ण अर्थ, आणि हमिंग बंद. ऑप्टिकलची सोय नसेल, तर डॅक आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो.

तुमच्यापैकी कोणी असं काही जोडत असेल, तर माझे चार महिने तुम्ही वाचवा. हमिंग आलं, की आधी पूर्ण शांततेची फाइल वाजवा. तरीही घूं येत असेल, तर दोष तुमच्या जोडणीत आहे. नाही आलं, तर ते रेकॉर्डिंगमध्येच आहे. मग एकेक वायर काढून बघा, कोणती काढल्यावर थांबतं. कपॅसिटर त्यानंतर. २३० व्होल्टच्या बाजूचं काम येत नसेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरच्या डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, तेही आजच बघा. एमसीबी वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला.

नानांचा भूप मी आता रोज रात्री ऐकतो. अगदी कान देऊन ऐकलं, तर अजूनही खाली बारीकशी घूं आहे. शांततेच्या फाइलवर ती नाही, म्हणजे ती कॅसेटमध्येच आहे, इंदूरच्या आमच्या जुन्या घरातल्या विजेची. ती मी काढणार नाही.

आणि हा प्लग माझ्या टेबलावर, सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी असतो. कुठलाही बदल करायला हात पुढे गेला, की आधी तो दिसतो.