मुक्कामाची जागा आणि बाहेरची वाट



जपानमधील ओसाका शहरात 1979 साली,
वास्तुविशारद किशो कुरोकावा यांच्या आराखड्यानुसार,
जगातील पहिले कॅप्सूल हॉटेल, म्हणजे एकावर एक रचलेल्या, झोपण्यापुरत्या खणांचे हॉटेल, सुरू झाले;
आणि आता आपल्या मुंबई सेंट्रल स्थानकातही
असा अल्पखर्ची मुक्काम उपलब्ध आहे.

जपानी कॅप्सूलला बहुधा कुलूप नसते, केवळ पडदा असतो;
म्हणून पासपोर्ट, पैसे इत्यादी चीजवस्तूंचा
लॉकरमध्ये बंदोबस्त करून,
किल्ली जवळ बाळगूनच निजावे.

परंतु चोरीपेक्षा मला अधिक चिंता वाटते, ती आगीची.
एकाच दालनात अनेक माणसे निद्रिस्त असतात.
वाट अरुंद असते.
आणि धूर ज्वालांच्या आधी पोहोचतो.

म्हणून, दाखल होताच, सामान ठेवण्यापूर्वी,
बाहेर पडण्याची वाट स्वतः चालून पाहा.
संकटकाळचे दार खरोखर उघडते ना, तेही पाहा.
ते कुलूपबंद असेल, तर व्यवस्थापकाकडे तक्रार करा,
आणि ती दूर न झाल्यास
निःसंकोच दुसरीकडे मुक्काम करा.

पुन्हा सांगतो: आधी बाहेरची वाट चालून पाहा, मग सामान ठेवा.

धूर दिसलाच, तर सामानाचा मोह न धरता,
जमिनीलगत वाकून बाहेर पडा,
आणि जिन्यानेच उतरा. लिफ्ट वापरू नका.

वरच्या खणातून झटपट उतरणे कठीण, म्हणून वयोवृद्धांनी आरक्षण करतानाच
खालचा खण आवर्जून मागून घ्यावा.