वेशीबाहेरचा मुक्काम

पूर्वी गावाला वेस असे. दिवेलागणीनंतर वेशीचे दरवाजे लावून घेतले जात आणि ज्याला पोहोचावयास उशीर झाला, त्या वाटसरूला वेशीबाहेरच्या धर्मशाळेत पथारी पसरावी लागे. त्या धर्मशाळेला स्वतःची जाहिरात कधी करावी लागली नाही. बंद दरवाजा हीच तिची जाहिरात होती. आजच्या महानगराला वेस नाही, दरवाजाही नाही. मध्यरात्री येणाऱ्यालाही ते आत घेते. अशा वेळी महानगरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, धड शहरात नाही आणि धड खेड्यातही नाही, अशा जागी उभ्या असलेल्या हॉटेलात प्रवाशाने का उतरावे? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता येणे, हीच अशा हॉटेलाच्या व्यापाराची पहिली पायरी होय.

हॉटेलाचा माल मोठा नाशवंत आहे. कापडाच्या दुकानातील ठाण आज खपले नाही, तर उद्या खपेल. परंतु रिकामी गेलेली खोली त्या रात्रीपुरती कायमची बुडते. सोमवारची रात्र मंगळवारी विकता येत नाही. नोकरांचे पगार, विजेचा आकार, बागेची निगा आणि कर्जाचे व्याज मात्र खोली भरली काय किंवा रिकामी राहिली काय, चालूच राहतात. शहरातील हॉटेलाला येथे शहराचाच आधार मिळतो. कचेऱ्या, न्यायालये, रुग्णालये, बाजारपेठा आणि रेल्वेची स्थानके माणसांना शहरात खेचून आणतात आणि त्यांतील काही माणसे हॉटेलाच्या वाट्याला येतात. शहराबाहेरच्या हॉटेलाला असे आयते गिऱ्हाईक नाही. त्याला खोलीबरोबर तेथवर येण्याचे कारणही विकावे लागते.

या अडचणीतून सुटण्याचा एक सोपा मार्ग पुष्कळांना सुचतो. तो म्हणजे अंतर लपविणे. हॉटेलाच्या नावाला महानगराचे नाव जोडावयाचे, पत्रकावर शहरातील प्रसिद्ध इमारतीचे चित्र छापावयाचे आणि शहर ‘अगदी जवळ’ असल्याचे सांगावयाचे. रात्री सामानसुमान आणि मुलेबाळे घेऊन स्थानकावर उतरलेल्या कुटुंबाला मग कळते की, मुक्काम अजून चाळीस किलोमीटर पुढे आहे. हे कुटुंब एकदा फसते, पण दुसऱ्यांदा येत नाही. आणि आपल्या दहा परिचितांनाही ते येऊ देत नाही. वास्तविक किलोमीटरचा आकडाही येथे अपुरा आहे. शुक्रवारी सायंकाळी महानगरातून बाहेर पडावयास किती वेळ लागतो आणि रविवारी पहाटे किती लागतो, ही माहिती स्पष्टपणे देणारे हॉटेल गिऱ्हाइकाचा विश्वास संपादन करते. अंतर हा दोष मानला, की तो लपवावासा वाटतो. अंतर हाच आपला माल आहे हे ज्याने ओळखले, त्याला ते लपविण्याचे कारण उरत नाही.

हे ओळखणाऱ्यांचे एक ठळक उदाहरण दिल्लीच्या परिसरात आढळते. हरियाणा हे राज्य १ नोव्हेंबर १९६६ रोजी अस्तित्वात आले. त्या वेळी या राज्याजवळ ताजमहाल नव्हता, काश्मीरची सरोवरे नव्हती, की गोव्याचा किनारा नव्हता. होते ते एवढेच की, दिल्लीला तीन बाजूंनी त्याची भूमी वेढून होती, आणि राजधानीतून कर्नाल-अंबाल्याकडे, मथुरा-आग्र्याकडे किंवा जयपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला हरियाणाच्या भूमीवरूनच जावे लागे. हा प्रवासी थांबत मात्र नसे. बन्सीलाल हे १९६८ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असताना या जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला थांबविण्याचा उद्योग राज्याने हाती घेतला. एस. के. मिश्र यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्यांनी त्याला आकार दिला आणि १९७४ मध्ये या कामासाठी स्वतंत्र पर्यटन महामंडळ स्थापन झाले.

या योजनेतील शहाणपण तिच्या साधेपणात होते. महामार्गालगत ठिकठिकाणी हिरवळ, स्वच्छ प्रसाधनगृह, मुलांसाठी मोकळी जागा, चहा-फराळ आणि मुक्कामाच्या मोजक्या खोल्या, एवढीच सामग्री. परंतु लांबच्या प्रवासात कुटुंबवत्सल माणसाला नेमकी याच गोष्टींची चणचण भासत असे. या ठिकाणांना नावेही पक्ष्यांची देण्यात आली. पानिपतला स्कायलार्क, म्हणजे आपला चंडोल. होडलला डॅबचिक, म्हणजे टिबुकली. धारूहेड्याला जंगल बॅबलर, म्हणजे सातभाई. सोहन्याला बारबेट, म्हणजे तांबट. पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १७६१ ची जखम जागी होते. त्याच पानिपतात रस्त्याच्या कडेला चंडोलाच्या नावाने चहा मिळू लागला. एका पक्ष्याच्या अंगणात विसावलेल्या प्रवाशाला पुढचा पक्षी कोठे भेटेल, ही उत्सुकता लागे. दिल्लीचे नाव उसने न घेता मोकळ्या हवेचे नाव धारण करणारी ही जाहिरात होती.

वाटसरू थांबला तरी तो तासाभराने उठून जातो. खोल्या भरावयाच्या, तर शहरातील माणसालाच बाहेर काढले पाहिजे. आणि शहरातील माणूस निघतो तो शनिवारी. शनिवार-रविवारी जागा मिळत नाही आणि मंगळवार-बुधवारी नोकर माश्या मारीत बसतात, हे शहराबाहेरच्या बहुतेक हॉटेलांचे रडगाणे आहे. याला एकच एक औषध नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर कमी ठेवणे हा एक उपाय. कारखाने, बँका आणि सरकारी खाती यांच्या परिषदा व प्रशिक्षणवर्ग मिळविणे हा दुसरा. कारण परिषदेला आलेला अधिकारी शहरात असला, तर दुपारनंतर हमखास नाहीसा होतो, आणि शहराबाहेर त्याला बसून राहावेच लागते! लग्नमुहूर्तांच्या दिवसांत मोठे पटांगण वऱ्हाडासाठी देणे हा तिसरा. आणि मुक्काम न करता सकाळी येऊन जेवून सायंकाळी परतणाऱ्या कुटुंबालाही तितक्याच अगत्याने वागविणे हा चौथा, कारण आजचा दिवसाचा पाहुणा हाच उद्याचा रात्रीचा पाहुणा असतो. कित्येकदा एकच पदार्थ हे काम करून जातो. सोनीपतजवळच्या मूरथल येथील ढाब्यांवर लोण्याच्या गोळ्यासह मिळणारा पराठा खाण्यासाठी दिल्लीकर मध्यरात्री मोटार काढतात.

याहून मोठी युक्ती म्हणजे दिवसालाच महत्त्व आणून देणे. दक्षिण दिल्लीच्या सीमेलगत सूरजकुंड हे दहाव्या शतकातील, पायऱ्यापायऱ्यांचे दगडी कुंड आहे. तोमर राजा सूरजपाल याने ते बांधले, अशी परंपरा सांगते. तेथे १९८७ पासून कारागिरांचा मेळा भरू लागला. विणकर, कुंभार, लाकडावर व धातूवर काम करणारे कारागीर आपापली कला घेऊन येऊ लागले आणि थंडीच्या अखेरीस राजधानीतील माणसांची रीघ तेथे लागू लागली. खोल्या विकण्यासाठी काढलेल्या कोणत्याही पत्रकापेक्षा या मेळ्याने त्या परिसराचे नाव अधिक दूरवर नेले. शिवाय त्यात कारागिराच्या पदरातही काही पडले.

पण या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. सूरजकुंडापासून थोड्याच अंतरावर, फरीदाबादजवळ, अरवलीच्या टेकड्यांतील पावसाचे पाणी अडवून केलेला बडखल तलाव होता. त्याच्या काठी उपाहारगृह आणि निवासाची सोय झाली, पाण्यात नावा फिरू लागल्या आणि दिल्लीतील कित्येक कुटुंबांच्या सहलींच्या आठवणी या तलावाशी निगडित झाल्या. त्याच काळात भोवतालच्या टेकड्या दगडासाठी आणि वाळूसाठी पोखरल्या जात होत्या, आणि वाढत्या वस्तीसाठी जमिनीखालचे पाणी उपसले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बडखल आणि सूरजकुंड यांच्या भोवतालच्या २ किलोमीटर परिसरात खाणकामास मनाई केली. तथापि, पाण्याच्या वाटा तोवर तुटल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तलाव कोरडा पडला. पुढे शुद्ध केलेले सांडपाणी सोडून तो पुन्हा भरण्याची योजना हाती घेण्यात आली. पण मधली अनेक वर्षे तेथे येणाऱ्याला काठ दिसे, पाणी दिसत नसे. गिऱ्हाईक ज्यासाठी येत होते ते हॉटेलाच्या भिंतींच्या आत कधीच नव्हते. ते भिंतींच्या बाहेर होते, आणि त्याची राखण कोणी केली नाही.

महानगराचा स्वभावच असा आहे की, ते आपल्या बाहेरच्या जागा गिळीत पुढे सरकते. दिल्लीतील बेर सराय, कटवारिया सराय, सराय काले खाँ ही नावे ऐकली म्हणजे हे ध्यानात येते. कोणे एके काळी ज्या सरायांची ही नावे, त्या शहराबाहेर होत्या. आज ती सारी नावे भर वस्तीत आहेत. जी गोष्ट घडावयास पूर्वी शतके लागली, ती आता एका पिढीत घडते. मेट्रो रेल्वे २०१० मध्ये गुडगावला आणि २०१५ मध्ये फरीदाबादला पोहोचली; २०१६ मध्ये गुडगावचे गुरुग्राम झाले. ज्याने ‘शहरापासून दूर’ म्हणून हॉटेल बांधले, त्याच्या दारात शहरच येऊन उभे राहिले. त्याची जमीन महाग झाली हे खरे. परंतु जो माल तो विकत होता, तो संपला.

यातून सुटका नाहीच असे मात्र नव्हे. गुरुग्रामजवळच्याच सुलतानपूर येथील पाणथळ जागा पक्ष्यांसाठी राखली गेली, आणि २०२१ मध्ये तिचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत झाला. मुंबईकरांच्या परिचयाचे माथेरान हे तर याहून बोलके उदाहरण आहे. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ही जागा शोधली, १९०७ मध्ये तेथे लहान रुळांची गाडी पोहोचली. परंतु खासगी मोटार आजही दस्तुरीच्या नाक्यापुढे जात नाही. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले, तर ही प्रवाशाची गैरसोय आहे. पण त्या गैरसोयीमुळेच तेथील तांबड्या मातीच्या वाटा आणि तेथली शांतता अद्याप विकण्याजोगी राहिली आहे. माथेरानच्या हॉटेलांना जाहिरातीत जे सांगावयाचे, ते बहुतांशी त्या नाक्यानेच सांभाळून ठेवले आहे.

तेव्हा महानगराबाहेरच्या हॉटेलाची विक्री हा केवळ दरपत्रकाचा आणि रंगीत फलकांचा विषय नाही. अंतर खरे सांगावे, येण्याला कारण द्यावे, सुन्या दिवसांना काम शोधावे, हे तर करावेच. परंतु ज्या तळ्याचे चित्र पत्रकावर छापले, त्या तळ्यात पाणी येणारी वाट कोण अडवीत आहे, हेही त्या हॉटेलाच्या चालकाने पाहिले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या सभेला हजर राहणे, टेकडी पोखरली जात असेल तर वेळीच तक्रार करणे, आपल्या विहिरीचा उपसा मर्यादेत ठेवणे, ही कामे जाहिरातीच्या खर्चात कोणी मांडीत नाही. ती मांडावयास हवीत. वेशीबाहेरच्या धर्मशाळेजवळ वाटसरूला एक झाड आणि एक विहीर हमखास मिळे. ते झाड कोणी लावले, ती विहीर कोणी खणली, हे त्याला ठाऊक नसे. पण त्याच वाटेने परतताना तो पुन्हा तेथेच थांबे.