‘जादूटोणा’ हा शब्द कोणावर चालवतात?
(सौंदड येथे ग्रामसभांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)





वनहक्क पट्ट्याच्या बैठकीत ही पोरगी जादूटोण्यावर कायले बोलून राह्यली, असं काही जणांना वाटत असन. मी जमिनीवरच बोलून राह्यली. ऐका.

आधी शब्द पाहू. करणी केली, मूठ मारली असं आपण म्हणतो. छत्तीसगडात टोनही म्हणतात, चंद्रपूरकडे भानामती, नंदुरबारच्या भिल्लांत डाकीण. शाळेच्या पुस्तकात चेटकीण असते, ती झाडूवर बसून उडते. तसली बाई आपल्या कोणत्याच टोल्यावर कोणी पाह्यली नाही. आता करणी, मूठ, भानामती ही कामाची नावं झाली. टोनही आणि डाकीण ही माणसाची नावं, आणि ती बाईलेच लागतात. तेच काम पुरुष करतो असं म्हटलं तर त्याला मांत्रिक म्हणतात, कोंबडा देतात, दारू देतात, वरून पायाही पडतात!

हा शब्द कोणाच्या अंगावर जाऊन पडते? विधवा बाई, लेकरू नसलेली, जडीबुटी जाणणारी डोकरी, नाहीतर ग्रामसभेत उठून हिशोब मागणारी. पाटलाच्या बायकोले टोनही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

२००६ चा वनहक्क कायदा, कलम ४(४) सांगते की लग्न झालेल्यांचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं निघन. तो पट्टा विकता येत नाही, वारसाला जाते. म्हणजे नवरा मेला तरी बाईचं नाव कागदावर राहते. ती बांधी दिराले, पुतण्याले पाह्यजे असते. कोर्टात जाऊन बाईचं नाव काढता येत नाही. पण तिलेच गावातून काढलं तर? मग कागद पेटीत आणि धान दुसऱ्याच्या ढोलीत. आपल्या भागातल्या एका गावात हेच झालं. गावाचं नाव घेत नाही, बाई अजून तिथंच राहते. पुतण्याचं लेकरू दोन वर्षं सारखं आजारी पडे. अंगात ताप, हातपाय सुजत, सांधे दुखत. मांत्रिकानं बोट दाखवलं ते बरोबर तीन एकराच्या मालकिणीकडे.

ते लेकरू सिकलसेलचं निघालं. हा आजार आपल्या गोंडी, हलबी आणि बाकी समाजांतही पुष्कळ आहे. आईबाप दोघंही वाहक असले, दिसायला धडधाकट असले, तरी दर बाळंतपणात चारातला एक धोका असते की लेकराले आजार येईन. म्हणून एकाच घरात दोन-दोन लेकरं आजारी पडतात, आणि लोक म्हणतात ‘या घरावर कोणाची तरी नजर आहे’. रक्त तपासलं की कळते. तो आजार आईबापाच्या रक्तातून आला, शेजारणीच्या डोळ्यातून कसा येईन?

पावसाळ्यात भुईवर झोपल्यावर मण्यार चावते, तिच्या दाताची खूण बहुतेक दिसत नाही. सकाळी माणूस मेलेला. लगेच ‘मूठ मारली’.

याचा शेवट कुठं जाते? गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा गावी १ मे २०२४ ला एक बाई आणि एक माणूस गावकऱ्यांनी जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारले. महाराष्ट्र दिन होता तो. मारणारे आपले, मरणारे आपले, आणि पंधरा जण अटकेत गेले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यात वणी (खुर्द) इथं दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं.

काही शिकलेले लोक हे ऐकून म्हणतात, आदिवासी असेच. त्यांनाही सांगा, युरोपात तीन-चारशे वर्षांमागं चाळीस-पन्नास हजार माणसं याच शब्दानं मारली, तीही कोर्ट भरवून. आणि आपली मातामाय, आपलं पेनठाना, आपला भूमका, यांनाही हे लोक सरसकट जादूटोणा म्हणतात. तेही मले मान्य नाही. पेनाले फूल वाहणं वेगळं, बाईवर बोट दाखवणं वेगळं.

कायद्यालाही हा फरक कळते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्यात कोणाच्या शरीराला इजा नाही अशा घरच्या-देवळातल्या पूजेला तो हात लावत नाही. पण अमकी बाई करणी करते, ढोराचं दूध आटवते असं सांगून तिच्यावर संशय उभा करणं हाच गुन्हा आहे. मारहाण व्हायची वाट पाहायची गरज नाही. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, आणि जामीन हक्कानं मिळत नाही.

आता काम सांगतो. पुढच्या ग्रामसभेत पट्ट्यांची यादी वाचताना ज्या विधवा बायांच्या बांधीवर दुसरा नांगर चालून राह्यला, त्यांची नावं वेगळी लिहा. त्यातल्या कोणावर करणीचा आळ आला ते तिथंच विचारा, सर्वांसमोर. यादी, पट्ट्याची झेरॉक्स आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन पुढच्या बैठकीला या. ठाण्यात आपण सगळे मिळून जाऊ, त्या बाईले एकटं पाठवू नका.

जय सेवा!