मोबाईल, मुले आणि आपण आई-बाप
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही शिकलेला वक्ता नाही. गिरणीत तीन पाळ्यांत आयुष्य गेलं, जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. पण कमिटीने दिलेला विषय माझ्याच घरात घडलेला आहे, म्हणून उभा राहिलो.

२०२० साली करोनात शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या नावाने मोबाईल पोरांच्या हातात गेला, तो काही परत आला नाही. आपल्या शिरवळात बाप कंपनीत पाळीला, आईही कामाला, आणि पोरगं घरात एकटं. दाराला कडी घातली की मूल सुरक्षित, असं आपण समजतो. पण मोबाईलवरच्या खेळात अनोळखी माणूस थेट पोराशी बोलू शकतो, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

माझा धाकटा तेव्हा आठवीत. (त्याला विचारूनच आज सांगतोय.) खेळात ओळख झालेला एकजण स्वतःला नववीतला मुलगा म्हणवायचा. आधी गोड बोलला, खेळातली नाणी दिली, मग नको तसला फोटो मागितला. फोटो गेल्याबरोबर धमकी सुरू, "पैसे दे, नाहीतर तुझ्या वर्गात पाठवतो." पोराने आईच्या मोबाईलवरून पैसे पाठवले. पिन तिला त्यानेच घालून दिला होता! हिशेब लागेना तेव्हा मी चोरी समजून दोन थोबाडीत दिल्या आणि मोबाईल आपटून फोडला. पोरानं तोंड उघडलं नाही. महिनाभर धड जेवला नाही. शेवटी मामीजवळ रडला. "बाबांना का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "बाबा मारतील." त्या धमकी देणाऱ्याला नेमकं हेच पाहिजे होतं, आणि ते मी फुकटात करून दिलं होतं. शिवाय फोडलेल्या मोबाईलबरोबर सगळा पुरावा गेला.

म्हणून सांगतो, असं काही कळलं तर आधी पोराला जवळ घ्या. आलेले मेसेज पुसू नका, त्या खात्याचं नाव लिहून ठेवा. आणखी पैसे देऊ नका, दिल्याने मागणी वाढतेच. फोटो कुणा नातेवाइकाला 'बघा काय झालं' म्हणून पुढे पाठवू नका, तोही गुन्हाच होतो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

पोलिसांत गेलो तर अब्रू जाईल, असं आपल्या मंडळींना वाटतं. मलाही वाटलं. मग २०१२ चा पोक्सो कायदा मिळवून वाचला. अठरा वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, दोघांना तो लागू आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. जबाब घेणाऱ्याच्या अंगावर वर्दी नको. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, वर्तमानपत्रात नाव छापता येत नाही. हे हक्क आपले आहेत, मागून घ्यावे लागतात.

आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली त्या गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. आशाताई, अंगणवाडीसेविका सुरुवातीला दारोदार फिरल्या. मला त्यातलं आवडलं ते हे, की बंदी एकट्या पोरांना नव्हती. आई-बापांचेही मोबाईल बंद! मात्र दीड तासाने भोंगा पुन्हा वाजतो. रात्री अकराला पांघरुणात मोबाईल चालू असतो, तिथं भोंगा पोचत नाही.

आमच्याकडे आता सगळ्यांचे मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात, माझाही. सुरुवातीला मलाच झोप येईना. आणि त्या वेळी नवा मोबाईल घेतल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी पोराला म्हणालो, "मलाही शिकव की तो खेळ." तासभर शेजारी बसून खेळलो. तीनदा हरलो. चौथ्या वेळी त्यानंच मध्ये थांबून सांगितलं, "बाबा, हा जो आत्ता आला ना, हा कोण आहे मला माहीत नाही."