अपंग मोकाट कुत्र्यांची शुश्रूषा

वाहनाची धडक, माणसाने केलेली मारहाण आणि मज्जासंस्थेवर आघात करणारा डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग ही मोकाट कुत्र्यांच्या अपंगत्वाची परिचित कारणे असून, नागपूर-जबलपूर महामार्ग जवळच्या मनसरवरून जात असल्याने रामटेकच्या परिसरात त्यांपैकी पहिले कारण सहज संभवते. एक पाय गमावलेला कुत्रा बहुधा उरलेल्या तिन्हींवर तोल सावरून पुन्हा हिंडू लागतो. खरा प्रश्न कणा मोडलेल्या कुत्र्याचा आहे. मज्जारज्जूला, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्याला, गंभीर इजा झाली की मागचे पाय लुळे पडतात आणि लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. मग तुंबलेल्या मूत्राशयात संसर्ग होऊ नये म्हणून पोट हलक्या हाताने दाबून मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा रिकामे करावे लागते, ही रीत पशुवैद्याकडूनच शिकावी लागते, आणि एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, ज्यांना शय्याव्रण म्हणतात, त्या टाळण्यासाठी अंथरूण कोरडे ठेवून कूस बदलत राहावे लागते. मागच्या अंगाला आधार देणाऱ्या दोनचाकी गाड्यांची छायाचित्रे लोकांना फार आवडतात. पण तशी गाडी दिवसातला थोडाच वेळ लावता येते, बाकीचा सारा भार माणसाच्या हातांवर असतो.

कायद्यातही या कुत्र्याची जागा अडचणीची आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २०२३ मध्ये झालेले प्राणी जन्मनियंत्रण नियम, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेला कुत्रा मूळ जागीच सोडण्यास सांगतात, आणि असाध्य आजाराच्या किंवा प्राणघातक जखमेच्या कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद करतात. लुळा पडलेला, पण चांगला खाणारा-पिणारा कुत्रा यांपैकी कशातच बसत नाही : त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे पुन्हा चाकाखाली देणे, आणि मारावे असे कारणही नाही. डोके फुटलेला कुत्रा रामाच्या दरबारी दाद मागतो, अशी एक कथा रामायणाच्या उत्तरकांडाशी जोडलेली आहे. गडावर रामाचे मंदिर असलेल्या रामटेकने ती जरूर आठवावी, पण तिथेही प्रश्न न्यायाचा आहे, शुश्रूषेचा नाही.

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, तरी रामटेकहून तेथवरचा पन्नासेक किलोमीटरचा प्रवास मोडल्या कण्याला सोसवत नाही, म्हणून उचलण्याची रीत महत्त्वाची. अशा कुत्र्याला पाय धरून न उचलता फळीवर किंवा ताणून धरलेल्या पोत्यावर सरकवावे. वेदनेने तो चावलाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. आणि ज्यांना घरी सांभाळणे शक्य नाही, त्यांनी सांभाळणाऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च तरी वाटून घ्यावा.