दहा दिवस एकच धून



पडद्यामागे तुमच्या शाळेचे वाद्यवाले सूर जुळवत आहेत. ते ऐकताना मला एका विद्यार्थ्याची आठवण झाली. त्या विद्यार्थ्याचं नाव कन्फ्यूशियस. इसवी सनापूर्वी 551 मध्ये चीनमधल्या लू राज्यात, म्हणजे आजच्या शानडोंग प्रांतात, त्यांचा जन्म झाला. राजनीती आणि सदाचार शिकवणारे विचारवंत म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण छिन हे तंतुवाद्य ते मनापासून वाजवत.

इतिहासकार सिमा छ्येन यांनी त्यांच्या शिकण्याची हकिकत लिहून ठेवली आहे. श्यांग नावाच्या गुरूंकडे ते दहा दिवस एकच धून वाजवत राहिले. गुरू म्हणाले, आता पुढची घे. हे म्हणाले, सूर कळले, पण हात बसलेला नाही. हात बसला, तर म्हणाले, आशय उमगलेला नाही. आशय उमगला, तर म्हणाले, ही धून रचणारा माणूस अजून दिसत नाही. आणि एके दिवशी तो दिसला. सावळा, उंच, दूरवर नजर लावलेला. हा जुन्या काळचा थोर राजा वेनच असणार! हे ऐकताच गुरू आसनावरून उठले आणि त्यांनी शिष्याला वंदन केलं. धून वेन राजाचीच होती.

ही हकिकत कन्फ्यूशियसनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहिली गेली, तिच्यात भर पडली असेलही. पण सुरांतून माणसापर्यंत पोहोचायचं, ही शिक्षणाची कल्पना मला फार मोलाची वाटते. त्या काळच्या सहा विद्यांत धनुर्विद्या, लेखन, गणित यांच्याबरोबरीनं संगीत होतं, आणि माणसाची घडण संगीतानंच पुरी होते, असं कन्फ्यूशियस मानत.

मियेन नावाचे अंध वादक एकदा त्यांच्याकडे आले. कन्फ्यूशियस त्यांना स्वतः सांगत गेले, ही पायरी, हे आसन. सगळे बसल्यावर कोण कुठे बसलंय, तेही एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. एका शिष्यानं नंतर विचारलं, वादकाशी असं बोलायचं असतं का? हो, त्यांना असंच सांभाळून न्यायचं असतं, असं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं ऐकायची सवय कानाला लागली, की ती अशी वागण्यातही उतरते.

आता पडदा उघडेल. एखाद्या मुलीचा सूर कापेल, एखादा मुलगा कडवं विसरेल. मुलांनो, तेव्हा हसू नका, शिट्ट्या मारू नका. तिचं, त्याचं गाणं शेवटपर्यंत ऐका. आणि शिक्षकांना, पालकांना हात जोडून विनंती आहे, परीक्षा जवळ आली म्हणून संगीताचा तास काढून घेऊ नका.