उद्याचा कर आणि आजचा बाजार



धानाचा शेतकरी पुढील हंगामाच्या पिकावर आज उचल घेतो, तेव्हा तो मनाशी तीन प्रश्न विचारतो. पीक किती येईल? उचल किती हंगामांत फिटेल? आणि तोपर्यंत घरखर्च कशावर चालेल? भावी कराच्या भरवशावर बाजारपेठेचा पुनर्विकास करू पाहणाऱ्या नगरानेही हेच तीन प्रश्न स्वतःस विचारावयास हवेत.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील अर्जुनी मोरगाव हे तालुक्याचे ठिकाण. एका बाजूस नवेगावबांधचा जलाशय व अरण्य, दुसरीकडे गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि सभोवार धानाची बांधी असा हा परिसर आहे. तहसील कचेरी, रेल्वे आणि बाजार यांच्या निमित्ताने भोवतालच्या खेड्यांचा येथे राबता असतो. ग्रामपंचायतीच्या जागी आता नगरपंचायत आली आहे. अशा नवनगरांची अडचण सर्वत्र सारखीच असते. गटारे, दिवे, पक्के ओटे, वाहनतळ या गरजा शहराच्या होतात. उत्पन्न मात्र बराच काळ गावाचेच राहते. म्हणून ‘बाजार स्वतःच्या खर्चाने स्वतः सुधारेल’ अशी योजना कोणी मांडली, तर ती मनास भुरळ घालते. अशा योजनेस पाश्चात्त्य देशांत ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’ म्हणतात.

योजनेचे स्वरूप

नगराचा एक भाग निश्चित केला जातो. त्या भागातून आज मिळणारा मालमत्ता कर हा पायाभूत आकडा ठरतो व तो गोठविला जातो. पुढे मालमत्तांचे मूल्य वाढून त्या आकड्याहून जो अधिक कर जमा होईल, तो ठरावीक वर्षे सर्वसाधारण निधीत न जाता त्याच भागातील कामांसाठी, अथवा त्या कामांकरिता काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठी वापरला जातो. कराचा दर वाढलाच पाहिजे असे यात नसते. कराच्या वाढीव उत्पन्नाची वाट बदलते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९५२ मध्ये ही पद्धत प्रथम स्वीकारली. इलिनॉय राज्याने १९७७ मध्ये तिच्यासाठी कायदा केला आणि लहान उपनगरांनीही आपल्या जुन्या बाजारपेठांसाठी तिचा अवलंब केला. तेथे मुदत सामान्यतः २३ वर्षांची असते आणि निर्णयापूर्वी जाहीर सुनावणी घ्यावी लागते.

नागरिकांचे दोन पक्ष

अशा सुनावण्यांत दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो की, मोडकळीस आलेली बाजारपेठ आहे तशीच ठेवली तर करही वाढणार नाही आणि व्यापारही निघून जाईल. काम झाले तरच वाढ होणार. मग त्याच वाढीतून काम करण्यात कोणाचे नुकसान? या म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की, वाढ कामामुळेच झाली हे कशावरून? जी वाढ एरवीही झाली असती, ती शाळांच्या व इतर वस्त्यांच्या वाट्याची होती. कॅलिफोर्नियात अखेरीस हाच आक्षेप निर्णायक ठरला. राज्यातील मालमत्ता कराचा सुमारे १२ टक्के भाग पुनर्विकास संस्थांकडे वळू लागला आणि शाळांची तूट राज्याच्या तिजोरीतून भरावी लागली. २०११ मध्ये कायदा करून त्या संस्था रद्द करण्यात आल्या आणि १ फेब्रुवारी २०१२ रोजी त्या विसर्जित झाल्या.

इटियाडोहाच्या कालव्यावरील शेतकऱ्यास हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. मुखाशी पाणी वळविले की तेथील बांधी हिरवीगार दिसते. टोकाशी काय झाले हे पाहावयास टोकाशी जावे लागते.

आकड्यांची कसोटी

केवळ उदाहरणादाखल असे समजावे की, एखाद्या बाजारभागातून आज वर्षाला ४ लाख रुपये कर मिळतो. काहीही न करता तो दरसाल ५ टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी सुमारे साडेसहा लाख होईल. पुनर्विकासानंतर तो ८ लाख झाला, तर योजनेच्या वहीत वाढ ४ लाखांची दिसेल. परंतु कामामुळे झालेली वाढ दीड लाखाचीच असेल. उरलेले अडीच लाख संपूर्ण नगराचे होते. शिवाय नव्या बाजाराची सफाई, पाणी व दिवाबत्ती यांचा वाढता खर्च गोठलेल्या आकड्यातूनच भागवावा लागेल. कर्जाचा हप्ता दीड लाखांत बसतो की चार लाखांत, या एका प्रश्नावर योजनेचे भवितव्य अवलंबून राहते.

महाराष्ट्राचा अनुभव

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मूल्यवृद्धीतून निधी उभारण्याविषयी धोरण जाहीर केले. त्यातील अनेक मार्गांपैकी ही पद्धत एक आहे. पण विदर्भास ही कल्पना अगदीच नवी नाही. नागपूर सुधार प्रन्यासाच्या १९३६ च्या अधिनियमात, योजनेमुळे ज्याच्या जमिनीचे मूल्य वाढले त्याच्याकडून सुधार अंशदान घेण्याची तरतूद आहे. रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसविला. पहिल्या मार्गात लाभार्थी आपल्या लाभातून देतो. दुसऱ्यात विशिष्ट कार्यासाठी नवे उत्पन्न उभे केले जाते. दोहोंत कोणाच्या ताटातील घास उचलला जात नाही. वाढीव कर राखून ठेवण्याच्या पद्धतीत मात्र ही खात्री आपोआप मिळत नाही. ती हिशेबाने करून घ्यावी लागते.

निर्णयापूर्वी

म्हणून अर्जुनी मोरगावसारख्या नगरात असा प्रस्ताव कधी आलाच, तर त्यावरील चर्चा ‘विकास हवा की नको’ या प्रश्नावर अडकू नये. भागाची सीमा कोणी व का आखली, पायाभूत आकडा ताज्या आकारणीवरून घेतला की जुन्या, मुदत किती वर्षांची, आणि अपेक्षित वाढ न झाल्यास हप्ता कोणत्या निधीतून जाणार, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे नगरवासीयांसमोर यावीत. नगरपंचायतीच्या कर्जास शासनाची मंजुरी लागते. परंतु मंजुरी म्हणजे परतफेड नव्हे. ती नगरवासीयांनाच करावयाची असते.

आणखी एक गोष्ट आहे. बाजाराचे मूल्य वाढते, तेव्हा भाडेही वाढते. गाळ्याच्या मालकास जी वाढ सुखावते, तीच भाडेकरूस जड जाते. भाजीची टोपली घेऊन खेड्यातून येणाऱ्या बाईचे नाव तर करआकारणीच्या यादीत नसतेच. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व विक्रेत्यांना दिले आहे. नकाशा अंतिम होण्यापूर्वी या समितीचे मत घेतले, तर नव्या बाजारात जुन्या माणसांची जागा आधीच आखली जाईल.

या कामी शिक्षकांचाही वाटा मोठा आहे. वर्गातील फळ्यावर वरचे साधे उदाहरण सोडवून दाखविले, तर ते घरोघरी पोहोचेल. सदस्यांनी सीमा व मुदत विचारावी, अधिकाऱ्यांनी दरवर्षी जमा-खर्च फलकावर लावावा आणि नागरिकांनी तो वाचावा. उद्याचा कर आजच खर्ची घालावयाचा असेल, तर उद्याच्या नगरवासीयांच्या वतीने हे प्रश्न आजच विचारले गेले पाहिजेत.